मुकी चूक आणि दोन फासे

मागच्या अंकात लूपच्या (यंत्राकडून तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणाऱ्या कोडच्या) सरावासाठी मी तीन गणितं दिली होती. दोन फासे टाकून बेरजा मोजायच्या. एक फासा सहाचं दान पडेपर्यंत टाकत राहायचा आणि किती फेका लागल्या ते लिहायचं. आणि नाणं शंभर वेळा उडवायचं. तिन्हींना अट एकच होती: प्रोग्रॅम रन करण्याआधी उत्तराचा अंदाज वहीत लिहायचा, तोही पेनने. पत्रं भरपूर आली. अंदाज लिहिल्याचं मात्र मोजक्याच लोकांनी कळवलंय, आणि त्यातल्या एकाने तर रन केल्यावर अंदाज लिहिला हे प्रामाणिकपणे सांगितलंय.

तुमच्यापैकी कोणी पायथनमध्ये लिहितं, कोणी सीमध्ये, कोणी जावास्क्रिप्टमध्ये. म्हणून कोड मी इथे साध्या मराठीतच मांडते. आपापल्या भाषेत तो बसवून घ्या.

*प्रश्न: बाई, दोन फाशांची बेरीज २ ते १२ असते, म्हणून मी २ ते १२ मधला एक रँडम (यंत्राने कोणताही निवडलेला) आकडा घेतला आणि लूप दहा हजार वेळा फिरवला. प्रत्येक बेरीज नऊशेच्या आसपास वेळा आली. माझा भाऊ म्हणतो हे चुकलंय. पण एरर नाही, २ च्या खाली किंवा १२ च्या वर एकही आकडा नाही. मग चूक कुठे आहे? (दहावीतली विद्यार्थिनी)*

भाऊ बरोबर आहे. हे त्याला सांगणं तुला जड जाईल, पण सांग.

फासे दोन होते आणि तू यंत्राला विचारलंस एकदाच. चूक एवढीच. खरे दोन फासे घेतले तर पहिल्याची सहा दानं आणि दुसऱ्याची सहा, अशा छत्तीस जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी पडण्याची शक्यता सारखी असते. त्यांतल्या १ आणि १ या एकाच जोडीने २ येतात. ७ मात्र सहा जोड्यांनी येतात: १-६, २-५, ३-४ आणि याच तिन्ही उलट्या. म्हणजे दहा हजार फेकांत ७ साधारण १,६६७ वेळा यायला हवेत आणि २ फक्त २७८ वेळा. तुझ्याकडे दोन्ही ९०९ च्या घरात आहेत. तुझ्या फाशांना २ तिपटीहून जास्त आवडतात आणि ७ जवळपास निम्म्यानेच.

माझ्या वर्गात एकाने असंच एकदा एकच फासा टाकून त्याची दुप्पट केली होती. बेरजा आल्या २, ४, ६, ८, १०, १२. एकही विषम आकडा नाही. वर्ग हसला, तोही हसला, आणि मिनिटाभरात त्याने कोड दुरुस्त केला. अशी चूक मला आवडते, ती ओरडून सांगते. तुझी चूक मुकी आहे. पाढे छापणारा लूप चुकला तर सात साते पन्नास दिसतं आणि कोणीही बोट ठेवतं. रँडम आकड्यांचं तसं नाही. दर वेळी वेगळंच काहीतरी येणार हे आपण आधीच मान्य केलेलं असतं, त्यामुळे पडद्यावर काहीही आलं तरी आपण मान डोलावतो. प्रोग्रॅम चालतो, आकडे मर्यादेत राहतात, आणि उत्तर साफ चुकलेलं असतं.

यावर माझ्याकडे दोनच उपाय आहेत. पहिला, हातांनी जे केलं असतं तेच आणि तितक्याच वेळा लूपच्या आत करायचं. हातांनी दोन फासे टाकले असते, तर रँडमलाही दोनदा बोलवायचं आणि मग बेरीज करायची. मधली पायरी गाळून उत्तरावर उडी मारायची नाही. दुसरा उपाय म्हणजे वहीतला अंदाज. माझ्या टेबलाच्या खणात दोन फासे कायम असतात (एकाचा कोपरा उडालाय). नव्या मुलांना मी आधी ते देते आणि शंभर वेळा टाकून पाच-पाचच्या उभ्या रेघा मारायला लावते. कुरकुर होते, फासे टेबलाखाली जातात, पण पंधरा मिनिटांत ६, ७, ८ पाशी रेघांचा ढीग आणि कडांना दुष्काळ हे चित्र दिसायला लागतं. ज्याने ते पाहिलंय त्याला तुझं सपाट नऊशे-नऊशे बघताक्षणी खटकलं असतं. भावाने फासे खेळून घेतले असणार!

*प्रश्न: मी ० ते १ मधला रँडम दशांश घेऊन त्याला ६ ने गुणतो आणि जवळच्या पूर्णांकात बदलतो. कधी कधी ० यायचा, म्हणून “० आला तर पुन्हा टाक” अशी अट घातली. आता १ ते ६ च येतात. चालेल ना?*

नाही चालणार. आणि ही पहिल्या पत्रापेक्षा जास्त छुपी चूक आहे.

गुणाकारानंतर तुमच्याकडे ० ते ६ अशी पट्टी तयार होते. जवळच्या पूर्णांकात बदलताना १ ला पट्टीचा ०.५ ते १.५ हा तुकडा मिळतो, २ ला १.५ ते २.५, आणि असंच पुढे ५ पर्यंत. प्रत्येकाची लांबी पूर्ण १. पण ० ला फक्त ० ते ०.५ आणि ६ ला फक्त ५.५ ते ६. दोघांच्या वाट्याला अर्धा-अर्धाच तुकडा. तुम्ही ० ला हाकललंत, पण ६ अर्धाच राहिला. सहा हजार वेळा टाकून पाहा: १ ते ५ प्रत्येकी १,०९१ च्या आसपास येतील आणि ६ जेमतेम ५४५. प्रत्येक दान हजाराच्या जवळ हवं होतं.

गंमत अशी की “० आला तर तो ६ धर” असं लिहिलं असतंत, तर दोन अर्धे तुकडे मिळून एक पूर्ण झाला असता आणि फासा अगदी खरा झाला असता. एका मुलीने एकदा नेमकं हेच केलं होतं. का बरोबर आलं हे तिला सांगता येईना, आणि खरं सांगायचं तर मलाही फळ्यापाशी उभं राहून पट्टी काढावी लागली. सरळ रस्ता असा: ६ ने गुणा, दशांशाचा भाग कापून टाका, मग १ मिळवा. कापल्यावर ० ते ५ हे सहा सारखे तुकडे उरतात. किंवा तुमच्या भाषेत दोन टोकं देऊन पूर्णांक मागायची सोय असेल तर तीच वापरा, मात्र शेवटचं टोक त्यात धरतात की नाही ते आधी बघा. पायथनचं रँडिंट दोन्ही टोकं धरतं, तर रेंज आणि रँडरेंज शेवटचं टोक सोडतात. एकाच भाषेत दोन तऱ्हा! याबद्दल मी तक्रार करणं सोडून दिलंय.

*प्रश्न: सहा पडेपर्यंत फासा टाकायचा लूप एकदा नीट चालतो. तोच हजार वेळा करायला बाहेर दुसरा लूप घातला, तर पहिल्या फेरीत ८ फेका आल्या आणि पुढे ९९९ वेळा ०. फॉर आणि व्हाइल एकत्र वापरायचे नसतात का?*

वापरायचे असतात, आणि हे गणित त्याचसाठी दिलं होतं. किती वेळा ते आधीच ठाऊक असेल तिथे फॉर, म्हणजे हजार फेऱ्या. कधी थांबायचं एवढंच ठाऊक असेल तिथे व्हाइल, म्हणजे सहा पडेपर्यंत. एकाच्या पोटात दुसरा:

१००० वेळा:
    दान = ०
    फेका = ०
    जोपर्यंत दान ६ नाही:
        दान = १ ते ६ मधला रँडम आकडा
        फेका = फेका + १
    फेका यादीत टाक

तुमचं “दान = ०” बाहेरच्या लूपच्याही वर गेलेलं असणार. पहिली फेरी संपली तेव्हा दान ६ झालं आणि तसंच राहिलं. दुसऱ्या फेरीत व्हाइल विचारतो, “दान ६ नाही ना?” ते तर ६ च आहे, मग तो आत शिरतच नाही. तुमची चूक सुदैवाने बोलकी होती. त्याऐवजी “फेका = ०” वर राहिलं असतं, तर फेका साठत गेल्या असत्या आणि सरासरी हजारांच्या घरात गेली असती. तेही दिसलं असतं. मुकी चूक इथे एकच आहे: सहा पडला की मोजायच्या आतच बाहेर पडणं. मग सरासरी ५ येते. ५ हा आकडा इतका सभ्य दिसतो की कोणी शंका घेत नाही.

व्हाइलबद्दल आणखी एक. दशांशांची बरोबरी थांबण्याच्या अटीत कधीही घालू नका. ० पासून दर वेळी ०.१ मिळवत “१ होईपर्यंत” असा लूप लिहून बघा. दहाव्या वेळी यंत्राकडे १ नसतो, ०.९९९९९९९९९९९९९९९९ असतो, कारण ०.१ हा आकडा द्विमान पद्धतीत नेमका मांडताच येत नाही. लूप १ ला वळसा घालून पुढे निघून जातो आणि तुम्ही बसता बघत.

*प्रश्न: मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की सहाचं दान पडायला सरासरी ६ फेका लागतात. मी दहा हजार फेऱ्या केल्या. निम्म्याहून जास्त फेऱ्यांत सहा ४ किंवा त्याहून कमी फेकांतच पडला. आकडे सोबत जोडले आहेत. आपलं विधान तपासून घ्यावं, ही विनंती. (निवृत्त लेखापाल)*

तपासलं. तुमचे आकडे बरोबर आहेत आणि माझं विधानही. तुमची यादी मी बारकाईने पाहिली, कारण इतकी नेटकी यादी कोणी पाठवत नाही.

चार फेकांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता म्हणजे ५/६ चार वेळा गुणायचे, साधारण ०.४८. म्हणजे चारांत सहा पडण्याची शक्यता ५१.८ टक्के. तुमच्या यादीत ५,१६३ फेऱ्या अशा आहेत. चोख. आता यादीच्या दुसऱ्या टोकाला बघा. वीस फेका टाकूनही सहा न पडलेल्या फेऱ्या शंभरात दोन-तीन असतात, आणि दहा हजारांत एखादी पन्नाशीच्या आसपास जाते. तुमच्याकडे सगळ्यात लांबलेली ४७ ची आहे. पटकन संपणाऱ्या फेऱ्या संख्येने जास्त असल्या तरी त्या १ च्या खाली जाऊ शकत नाहीत. लांबणाऱ्या फेऱ्यांना मात्र वर छत नाही. त्या थोड्या असूनही सरासरीला ओढत ६ पर्यंत नेतात. आणि सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा कोणता? १. पहिल्याच फेकीला सहा, दर सहा फेऱ्यांत एकदा. एकाच यादीचे तीन “मधले” आकडे: १, ४ आणि ६. म्हणून मी नेहमी सांगते, प्रोग्रॅमला नुसती सरासरी छापायला लावू नका. सगळ्यात लहान, सगळ्यात मोठा आणि यादी चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मध्ये येणारा आकडाही छापा.

तुम्ही ज्या चार फेकांवर बोट ठेवलंत त्या फार जुन्या आहेत. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये शव्हालिए द मेरे नावाचे एक गृहस्थ होते, त्यांनी गणितज्ञ पास्कालपुढे जुगाराचे काही प्रश्न टाकले. त्यातून पास्काल आणि दुसरे गणितज्ञ फेर्मा यांचा १६५४ सालचा पत्रव्यवहार झाला, आणि संभाव्यतेचं गणित सहसा तिथूनच सुरू झालं असं धरतात. मेरेंचा एक प्रश्न असा: एक फासा चार वेळा टाकला तर सहा पडण्याच्या बाजूने पैज लावणं फायद्याचं आहे. मग दोन फासे चोवीस वेळा टाकले तर जोड-सहाच्या (दोन्हींवर एकदम सहा) बाजूनेही तसंच असायला हवं ना? एका फाशात सहा शक्यता आणि चार फेका, दोन फाशांत छत्तीस आणि चोवीस. प्रमाण तेच. पण दुसऱ्या पैजेत जिंकण्याची शक्यता ४९.१४ टक्के आहे, निम्म्याहून जराशी कमी.

हा प्रोग्रॅम तुम्हाला सोपा जाईल. पण एक सांगते. ५० आणि ४९.१४ यांच्यातला फरक एक टक्काही नाही. हजार फेऱ्या करून तो दिसणार नाही, कारण हजार फेऱ्यांचं उत्तर आपोआपच दीड टक्क्याने इकडेतिकडे हलतं. दहा हजारांत हे हलणं अर्ध्या टक्क्यावर येतं, तरी खात्री नाही. एक लाख फेऱ्यांत ते ०.१६ टक्क्यापर्यंत उतरतं आणि तेव्हा फरक स्पष्ट उभा राहतो. फेऱ्या शंभरपट केल्या तर हलणं दहा पटींनीच कमी होतं. ही महागाई सगळ्याच सिम्युलेशनला, म्हणजे यंत्रावर केलेल्या अशा लुटुपुटीच्या प्रयोगांना, लागू आहे. त्यामुळे “किती फेऱ्या घेऊ?” असं विचारणाऱ्या तिघा वाचकांना माझा उलट प्रश्न: केवढा फरक बघायचाय?

*प्रश्न: सीमध्ये लिहिलेला माझा फासा सलग कितीतरी वेळा तेच दान देतो, मग अचानक बदलून दुसरंच दान तसंच देत राहतो. रँडम बिघडलंय का?*

तुमचं पत्र वाचून मला हसू आलं, कारण हा पराक्रम मी भर वर्गात केलाय. सी शिकवत होते. फळ्यावर लूप लिहिला, मुलांनी तो उतरवला, आणि सगळ्यांचे पडदे चाराने भरले. मग दोनाने. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, फासा आळशी आहे.” मी “यंत्र फार वेगवान आहे ना, म्हणून” असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं मला घरी जाऊन कळलं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझीच चूक लाल खडूने लिहावी लागली.

यंत्राकडे खरा फासा नसतो. एक संख्या घेऊन तिच्यावर ठरावीक क्रिया करायची, आलेल्या संख्येवर पुन्हा तीच क्रिया करायची, अशी ती साखळी असते. पहिल्या संख्येला सीड म्हणतात, म्हणजे बी. बी तेच तर साखळी तीच. सीमध्ये बी म्हणून सहसा घड्याळाची वेळ देतात, आणि ती वेळ सेकंदांत असते. बी पेरायची ओळ लूपच्या आत राहिली, तर एका सेकंदात लाखो वेळा तेच बी पेरलं जातं आणि दर वेळी साखळीचा पहिलाच मणी हाती येतो. सेकंद बदलला की दान बदलतं. ती ओळ लूपच्या वर न्या, पेरणी एकदाच करा. तुमचं रँडम धडधाकट आहे.

साखळी कशी चालते ते बघायचं असेल तर गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी १९४० च्या दशकात वापरलेली एक पद्धत हाताने करून बघा. चार अंकी संख्येचा वर्ग करा, तो आठ अंकी धरा (कमी पडले तर पुढे शून्य लावा) आणि मधले चार अंक उचला. १२३४ चा वर्ग ०१५२२७५६, मधले अंक ५२२७. त्याचा वर्ग २७३२१५२९, मधले ३२१५. छान उड्या मारतंय असं वाटतं ना? आता ३७९२ पासून सुरुवात करा. वर्ग १४३७९२६४. मधले चार अंक पुन्हा ३७९२. साखळी एकाच मण्यावर अडकली, कायमची. अशा हट्टी चार अंकी संख्या आणखी दोन आहेत. १००० ते ९९९९ एक साधा फॉर लूप लावा, सापडतील. यात रँडम काही नाही, पण लूपचा याहून गोड सराव मला माहीत नाही.

आजच्या साखळ्या अर्थातच फार लांब आहेत. पायथन जी वापरतं ती मर्सेन ट्विस्टर मात्सुमोतो आणि निशिमुरा या दोघांनी १९९८ मध्ये मांडली, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला जितक्या पायऱ्या लागतात ती संख्या लिहायची तर सहा हजार अंक होतात. फाशांना हे पुरेसं आहे. पासवर्ड बनवायला मात्र ती वापरू नका, कारण पुरेसे आकडे पाहिलेला माणूस पुढचे आकडे ओळखू शकतो. आणि चुका शोधताना बी मुद्दाम पक्कं करा, समजा ७. मग प्रत्येक वेळी तीच दानं पडतात आणि “काल चुकत होतं, आज चुकत नाही” हा छळ संपतो.

*प्रश्न: शंभर नाणेफेकींत माझ्याकडे सलग सात वेळा काटा आला. कोड तीन वेळा तपासला, चूक सापडत नाही.*

कारण ती नाहीच. शंभर फेकांत छापा किंवा काटा यांपैकी काहीतरी सलग सहा किंवा जास्त वेळा येण्याची शक्यता जवळपास ८० टक्के आहे, आणि सलग सात किंवा जास्त येण्याची निम्म्याहून थोडी जास्त. वर्गात मी निम्म्या मुलांना खरं नाणं शंभर वेळा उडवायला सांगते आणि उरलेल्यांना मनाने खोटी यादी लिहायला. मग कागद मिसळून घेते आणि कोणती खोटी ते सांगते. बहुतेक वेळा बरोबर येतं. खोटं लिहिणारा माणूस चार काटे झाले की घाबरून छापा लिहितो. आणि बरोबर पन्नास-पन्नास लिहून ठेवतो, जे खऱ्या नाण्याला शंभरात आठच वेळा जमतं.

सर्वांत लांब सलग ओळ शोधणारा लूप लिहिताना मात्र एक जागा सांभाळा. बहुतेक जण ओळ तुटली की तिची लांबी आधीच्या सर्वांत लांब ओळीशी ताडून बघतात. शेवटची ओळ तुटतच नाही, लूपच संपतो, आणि ती मोजायची राहून जाते. हीसुद्धा मुकीच. ताडून बघायचं काम प्रत्येक फेकीला करा, थोडं जास्त काम पडेल, पडू दे.

*प्रश्न: माझ्या मुलीने तिन्ही गणितं केली. मला यातलं काही कळत नाही, पण ती आता “पुढे काय?” म्हणून मागे लागली आहे.*

तिला एका सरळ रेषेवर शून्यापाशी उभं करा. छापा पडला की एक पाऊल उजवीकडे, काटा पडला की डावीकडे. शंभर पावलांनंतर ती शून्यापासून किती लांब असेल? आधी अंदाज घ्या. मुलं बहुधा शून्य लिहितात, दोन्ही बाजू सारख्या म्हणून. हजार वेळा चालवून अंतराची सरासरी काढली की ८ च्या आसपास येते. पावलं चौपट, म्हणजे ४०० केली, तर अंतर चौपट होत नाही, दुप्पट होऊन १६ वर जातं. लेखापालांच्या पत्राला उत्तर देताना सांगितलेली ती महागाई इथे उलट्या बाजूने भेटते. या गणितात एक फुकटची कसोटीही आहे: शंभर पावलांनंतर ती सम आकड्यावरच असू शकते. विषम आकडा एकदा जरी दिसला तरी लूप ९९ किंवा १०१ वेळा फिरतोय.

ते झालं की संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांचा प्रश्न द्या. १९०५ च्या जुलैमध्ये त्यांनी तो ‘नेचर’ साप्ताहिकाला पत्र लिहून वाचकांपुढे ठेवला होता, अगदी तुम्ही मला विचारता तसा. एक माणूस ठरावीक अंतर सरळ चालतो, मग मनाला येईल त्या दिशेला वळून पुन्हा तेवढंच चालतो, आणि हे करतच राहतो. तो सुरुवातीच्या जागेपासून किती लांब असेल? दिशा म्हणून ० ते ३६० मधला कोन घ्यायचा आणि साइन-कोसाइनने दोन्ही बाजूंना किती सरकला ते काढायचं. बहुतेक भाषांत कोन अंशांत नाही, रेडियन या दुसऱ्या एककात द्यावा लागतो. मुलगी विसरून अंशच देईल, आणि तरीही उत्तर जवळपास बरोबरच येईल. ते का, हे तिने मला लिहून कळवावं.

पिअर्सनना भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं उत्तर आठवड्याभरात, पुढच्याच अंकात मिळालं होतं. माझ्याकडून इतकी घाई होणार नाही. शंभर पावलांचा अंदाज लिहिलेल्या पानाचा फोटो पत्रासोबत जोडा, खाडाखोड असली तरी चालेल.